मिशीवरची काकवी

पौषातली सांज पंचगंगेच्या पाण्यावर केशर सांडत होती. धूसर, निळसर, ऊसगंधी धुके मळ्यामळ्यांवर उतरत होते. आणि त्या धुक्याआडून गुऱ्हाळाची आरक्तनयना चूल निवृत्त जोतीराम मास्तरांना खुणावत होती.

मास्तर मधुमेही. डॉक्टरांनी रोज चालायला सांगितले होते. कुठे, ते सांगितले नव्हते.

चुलीवरच्या काहिलीत सुवर्ण उकळत होते. फेसाळत होते, निवळत होते, पुन्हा फेसाळत होते.

"या मास्तर, वाईच चव बघा," गुळव्या म्हणाला.

"नको रे. साखर आहे मला."

"साखर तिकडं कारखान्यात. ही काकवी हाय!"

इतक्या निर्मळ तर्कापुढे वैद्यकशास्त्र किती वेळ टिकणार? मास्तरांनी उसाची कांडी पुढे केली. उष्ण, मंद, मधुपिंगट धार जिभेवरून उतरली. आणि जिथवर ती उतरली, तिथवर जाळत गेली.

कारण घरी हौसाबाई होती. काकवी-भाकरीसाठी माहेरी भावांशी भांडलेली हौसाबाई. दसऱ्याला तिने अंबाबाईपुढे गोड सोडले होते. "ह्यांची साखर उतरल्याबिगर गोडाला शिवायची न्हाई." तेव्हापासून तीही बिनसाखरेचा चहा पीत होती आणि वर "बरा लागतोय की" म्हणत होती. संक्रांतीचा तिळगूळ तिने साऱ्या गल्लीला वाटला. स्वतःच्या तळहातावर उरलेले तीळसुद्धा चिमण्यांना झटकले.

मास्तर चाटत होते. घरी हौसाबाईचा नेम लांबत होता. मास्तरांना ते कळत होते, आणि कळत असताना कांडी पुन्हा बुडत होती.

दिवेलागणीला मास्तर घरी परतले. हौसाबाई उंबऱ्यात उभी.

"लई लांब गेलता चालायला?"

"हो... जरा."

"आन् मिशी कुठवर गेलती?"

तिने बोटाने त्यांची मिशी पुसली. बोटावर एक थेंब आला. दिव्याच्या उजेडात पुष्कराजासारखा थरथरला. तिची नजर त्याच्यावर क्षणभर रेंगाळली. नाकपुडी हलली. ओठ हलले नाहीत.

मास्तर म्हणाले, "हौसा, मोड तो नेम."

"मोडंन की. उतरू द्या आदी."

तिने तांब्या कलंडवला, बोट धुतले, आणि भाकरी थापायला आत गेली.

मास्तर अंगणातच उभे राहिले. ओल्या मातीवर अंधार दाटत होता. आणि त्या अंधारातून, काळ्या मण्यांच्या सुटल्या सरीसारख्या, मुंग्या येत होत्या. हळूहळू, निःशंक, त्या एका धुतलेल्या थेंबाकडे.