न विचारणारा मुका

मित्रांनो, क्षणभर डोळे मिटा आणि कल्पना करा. तुमच्या घरी एक पाहुणा आला आहे. तो दार वाजवत नाही, 'आत येऊ का' म्हणत नाही. सरळ घरातले सगळे सामान बाहेर फेकतो आणि रिकाम्या खोल्यांत आपला संसार मांडून बसतो.

तो पाहुणा मीच. मी एक जुना पेनड्राइव्ह आहे, जेमतेम तुमच्या करंगळीएवढा.

मी कोराच जन्मलो. संगणक दुरुस्त करणाऱ्या एका मामाने मला घडवले. संगणकात त्याचा कारभार चालवणारी प्रणाली नव्याने घालताना संगणक सारखे प्रश्न विचारतो. भाषा कोणती? नाव काय? जुने सगळे पुसू का? मामाने साऱ्या उत्तरांची एक फाइल करून माझ्या पोटात ठेवली. शेवटी एकच प्रश्न उरला, 'सुरू करण्यासाठी कोणतीही कळ दाबा.' मामाने तोही काढून टाकला.

"आता नुसता खोचायचा आणि हात झटकून मोकळं व्हायचं," तो आपल्या वडिलांना म्हणाला. "नावच ठेवलंय, मुका!"

"जो विचारत नाही, त्याला विचार नसतो," आजोबा म्हणाले. "असल्याला मोकळा सोडू नकोस रे."

"बाबा, तुम्ही पण ना!"

एका शाळेतले चाळीस संगणक मी दोन दुपारींत जुने सगळे पुसून नवे केले. मुख्याध्यापिकाबाईंनी तोंडभरून कौतुक केले. मग माझ्याहून चपळ असा दुसरा आला आणि मी स्क्रूंच्या खणात जाऊन पडलो. माझ्यावरची नावाची पट्टी घासून गेली. आता मी चारचौघांसारखा दिसू लागलो. धोका होता तो तिथेच.

त्याच सुमारास आजोबांच्या घशाची शस्त्रक्रिया झाली आणि त्यांचा आवाज कायमचा गेला. ते पाटीवर लिहून बोलू लागले. शस्त्रक्रियेआधी त्यांच्या मुलीने, म्हणजे मामाच्या बहिणीने, त्यांच्या तोंडून बारा गोष्टी ध्वनिमुद्रित करून घेतल्या होत्या. त्या बाहेरच्या खोलीतल्या संगणकात होत्या. फक्त तिथेच.

एका दुपारी तिच्या लेकीच्या मनात आले, या गोष्टींची आणखी एक प्रत असावी. किती शहाणा विचार!

"मामा, पेनड्राइव्ह घेऊ?"

मामाचे डोके एका उघड्या यंत्रात होते. "घे गं खणातला कुठलाही."

तिच्या हाताला मी लागलो. तिने मला खोचले. संगणक अडकून बसला होता, म्हणून तिने तो बंद करून पुन्हा चालू केला. चालू होताना आधी पेनड्राइव्हकडे पाहायचे, अशी सवय मामानेच त्याला लावून ठेवली होती.

पडदा निळा झाला. मी काम सुरू केले. पोरीला वाटले, प्रत होते आहे. ती पाय हलवत गुणगुणत राहिली. मला ओरडावेसे वाटले. पण माझे तोंड तर केव्हाच शिवलेले.

खुर्चीतल्या आजोबांनी तो निळा पडदा ओळखला; मामाच्या कामात तो त्यांनी कितीदा पाहिला होता. त्यांनी तोंड उघडले. आवाज नाही. खोलीत दोन मुके, आणि मधे ती गुणगुणणारी पोर. आजोबांनी हातातली पाटी फरशीवर आपटली. पाटी तडकली. पोरीने त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिले आणि भिंतीतली तार ओढून काढली.

मामा चार दिवस संगणकाच्या डिस्कवर वाकून बसला होता. अकरा गोष्टी परत मिळाल्या. शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी सांगितलेली मिळाली नाही. ती मी पुसली.

मित्रांनो, मुक्या वस्तूंवर नाव लिहीत जा. जिवापाड जपायचे ते एकाच जागी ठेवू नका. माझ्या पोटातली उत्तरे अजून जशीच्या तशी आहेत, आणि खण कोणीही उघडू शकते.

"आजोबा, याच्यावर काय लिहू?" पोरीने विचारले.

त्यांनी तडकलेल्या पाटीवर एकच शब्द लिहिला, 'विचार'.

तिने तो लाल शाईने चिठ्ठीवर उतरवला आणि माझ्या गळ्यात बांधला. मग स्टूल ओढून मामासमोर बसली. मला त्याच्या पुढ्यात ठेवून म्हणाली, "तू काढलेला तो 'कळ दाबा'चा प्रश्न परत घाल. मी इथेच बसते."