पातळ सोनं

म्हैस व्याली तशी शिवकन्याची सासू धुरपताबाई ओट्यावरूनच गायला लागली,

"पहिल्या गं चिकाला, बाई, पातळ सोनं म्हनू
शेजीच्या दारी आदी, मंग आपल्या घरी आनू."

धुरपताबाईच्या अंगावर सोनं कधी चढलंच नाही. तिचं सोनं सगळं पातळ. घाण्यावरचं करडईचं तेल, मोहळाचा मध, अन् सगळ्यांच्या वर चीक. शिवकन्यानं वगारीला पाजून उरलेला चीक तांब्याभर शेजारच्या राजेश्रीला दिला. राजेश्रीला नववा लागला होता.

दुपारी म्हैस पाण्याला तोंड लावीना. बादली दिसली की थरथरत मागं सरायची. तोंडातून लाळेच्या तारा, अन् हंबरणं घोगरं, दुसऱ्याच कुणाचं असावं तसं. शिवकन्याला आठवलं. गेल्या महिन्यात एक कुत्रं चरणाऱ्या म्हशींत घुसलं होतं. पायावरची जखम बाभळीच्या काट्याची समजून तिनं नुसती हळद लावली होती.

तेवढ्यात दारात राजेश्रीकडून परत आलेला तांब्या दिसला. आत मूठभर ज्वारी. झरी गावात चिकाचं भांडं रिकामं परत करत नाहीत. म्हणजे चीक संपला!

"आत्याबाई, म्हैस पिसाळली!"

"हळू बोल गं. गल्ली दगडं मारंल."

शिवकन्या तशीच पळाली.

"राजेश्री, चीक पेलीस का?"

"लय हावरी हायेस! दिलेलं परत न्यायला आलीस?" राजेश्री हसली. "खरवस शिजायलाय बघ."

"खाऊ नको, माय. म्हैस पिसाळलीय."

राजेश्रीचा हात पोटावर गेला. आता ही आपले केस धरील, असं शिवकन्याला वाटलं. राजेश्रीनं गॅस बंद केला, अन् तिची नजर शिवकन्याच्या अंगठ्यावर अडकली.

"हे काय कापलंय?"

काल विळा लागला होता. आज त्याच हातानं तिनं म्हशीची लाळ पुसली होती. भीती गल्लीभर फिरून तिच्याच हातावर येऊन बसली.

"चल," राजेश्री म्हणाली, "मीबी येते."

दवाखान्यात धुरपताबाईही मागोमाग आली, धापा टाकत. नर्सनं इवल्याशा बाटलीतून औषध ओढलं. सुईच्या टोकावर एक थेंब लकाकला. म्हातारीनं त्याच्याकडं बघत हात जोडले.

"सांडू नको, बाई."