मी ‘उलथापालथ’ बोलतोय

मी एक जुना शब्द आहे, मित्रांनो. उलथापालथ माझं नाव. उलथं आणि पालथं हे माझे आईबाप. खालचं वर, वरचं खाली आणि होतं ते काहीच जागेवर नाही, एवढा माझा साधा अर्थ. बाया अंगणात वाळत घातलेल्या भाताची उलथापालथ करत, तेव्हा मी त्यांच्या तोंडी सुखात होतो. पुढे भूकंपाला आणि राजकारणाला माझी गरज पडू लागली. आता तर एखाद्या पुढाऱ्यानं कूस बदलली तरी टीव्हीवाले मला हाका मारतात. वीट आलाय नुसता!

तेही चालवून घेतलं. पण यंदा भिवपुरीजवळच्या एका गावात मला शिवीसारखं वापरलं, ते काही मला सोसलं नाही.

त्या गावात सरपंच मतदानानं ठरतच नाही. देवळात नारळ ठेवायचा, जुन्या सरपंचाच्याच घरातलं नाव घ्यायचं आणि घरोघरच्या कर्त्यांनी नारळावर हात ठेवायचा. झाली निवडणूक बिनविरोध. यंदा मात्र अशाच एका घरचे कर्ते नागूबाबा, त्यांच्या सुनेनं, विनितानं, सरळ उमेदवारीचा अर्ज भरला. कारणही तसंच होतं. फार्महाऊसच्या प्लॉटसाठी सरपंचांनी मातीचा भराव टाकू दिला, त्यात पाण्याचा पाट बुजला आणि खालच्या अंगाचं उन्हाळी भात करपून गेलं. विनिताला तो पाट मोकळा करायचा होता.

तिला देवळात बोलावलं. अर्ज मागे घे म्हणून गोंजारून झालं, दटावून झालं. शेवटी सरपंच नागूबाबांकडे वळले.

“बाबा, सुनेला आवरा. गावात उलथापालथ करायला निघालीय.”

पोरगी आता माघार घेते की काय, या धास्तीनं माझा जीव टांगणीला लागला.

विनिता शांतपणे म्हणाली, “पाटात माती आली, भात जळालं. उलथापालथ ती हाय, आन् ती तुमी केली. मी निस्तरायला उभी हाय. अर्ज मागं घेणार नाय.”

नारळ नागूबाबांपुढे सरकवला गेला. दर निवडणुकीला त्यांनी मुकाट्यानं त्यावर हात ठेवला होता. आज त्यांनी दोन्ही हात पाठीमागे बांधले.

“यंदा मतदान होऊ द्या,” एवढंच ते बोलले.

मित्रांनो, मला खुशाल वापरा, पण जपून वापरा. ज्यानं मोडलं, त्याचंच नाव माझ्यासोबत घ्या. जी नीट करायला उठली, तिचं नको.