वळणावरची काच

या, असे जवळ सरकून बसा. एका काचेची आणि ती खरवडणाऱ्या बाईंची गोष्ट सांगायची आहे. मन लावून ऐकलंत तर सांगणाऱ्यालाही हुरूप येतो.

"खाली ठेवा ते पातं," मुख्याध्यापक म्हणाले.

आर्किटेक्टबाईंनी ठेवलं नाही. शाळेचा व्हरांडा जिथे काटकोनात वळतो, तिथे त्या गुडघे टेकून बसल्या होत्या. नकाशावरची चुकलेली शाईची रेघ ज्या पात्यानं उभा जन्म खरवडली, त्याच पात्यानं काचेवरचा पांढरा रंग काढत होत्या.

शाळा ऐकू न येणाऱ्या मुलांची. देवानं या लेकरांना कान देताना हात आखडता घेतला. हात देताना मात्र नाही. दोन्ही हातांनी बोलत, एकमेकांच्या तोंडाकडे बघत चालतात ती. समोरून येणाऱ्याची चाहूल त्यांना लागत नाही. म्हणून बाईंनी वळणावर भिंतीऐवजी काच घातली होती, पलीकडचं आधीच दिसावं म्हणून.

पण बाईंचीही एक चूक झाली होती. शाळेच्या मधल्या मोकळ्या चौकाच्या दोन्ही अंगांना वर्ग, आणि त्यांच्या मोठाल्या खिडक्या समोरासमोर. पहिल्याच आठवड्यात गणिताचा वर्ग भूगोलाच्या वर्गाशी खिडक्यांतून हातांनी गप्पा मारू लागला. फळ्याकडे कोणी बघेना. मुख्याध्यापकांचं डोकं फिरलं. रंगारी बोलावून त्यांनी शाळेतली झाडून सारी काच पांढरी करून टाकली. वळणावरचीसुद्धा. काल तिथे दोन मुली एकमेकींवर आदळल्या आणि धाकटीचा ओठ फाटला.

"तुमच्या खिडक्यांनी माझ्या शाळेचा बाजार केला," सर म्हणाले. "आता आणखी काय उघडं करताय?"

"खिडक्या चुकल्या. त्या रंगवा, पडदे लावा, विटांनी बुजवा. हे वळण चुकलेलं नाही."

"एक काच सोडली की उद्या प्रत्येक वर्ग मागायला येतो. नियम तो नियम."

"नियमाला कपाळ नसतं, सर. पोरांना असतं."

खांबाला टेकून बाईंची धाकटी बहीण उभी होती. जन्मापासून ऐकू न येणारी. इथेच शिवण शिकवायची. भुवईवर लहानपणी अशाच एका कोपऱ्यानं दिलेली खूण होती. तिनं हातांनी विचारलं, "काय भुंकतोय?"

"तेच ते," बाईंनी हातांनीच सांगितलं.

"खिडक्या तुझ्याही भिकारच होत्या. नकाशा मला आधी दाखवायला काय झालं होतं, ताई?"

खरं होतं, म्हणूनच झोंबलं. बाई मान खाली घालून खरवडू लागल्या.

"काय चाललंय दोघींचं?" सर डाफरले.

"माझ्या खिडक्यांना शिव्या घालतेय. तुमच्याच बाजूनं आहे ती."

सर हसले नाहीत. "हा रंग निघाला, तर दारावरच्या दगडावरून तुमचं नाव निघेल. शिवाय इथे तुम्हाला दुसरं काम कसं मिळतं तेही बघतो."

जन्मभर बाईंनी दुसऱ्यांच्या नावानं उभ्या राहणाऱ्या इमारती आखल्या. स्वतःचं नाव कोरलेली ही पहिली. त्या अक्षरांवरून म्हाताऱ्या वडिलांनी बोट फिरवलं होतं.

बाईंचा हात थांबला. मग त्यांनी पातं पदराला पुसलं आणि मुठीकडून सरांपुढे धरलं.

"काढा. दगडाला हे पुरायचं नाही, पण सुरुवात तर करा."

सर पातं न घेताच पाय आपटत निघून गेले.

घंटेऐवजी असलेला मधल्या सुट्टीचा दिवा लुकलुकला, तोवर मुलांच्या डोळ्यांच्या उंचीला हातभर लांब पट्टी मोकळी झाली होती. दोन्हीकडून दोन घोळके आले. काचेतून एकमेकांना बघितलं, जरा अंग चोरलं आणि हातातलं वाक्य न तोडता पुढे गेले. खाली गुडघ्यांवर बसलेल्या बाईंकडे एकानंही बघितलं नाही.

नाव गेलं. दगडावर तिथे आता गुळगुळीत खळगा आहे. पट्टी त्यानंतर दोनदा रंगवली गेली आणि दोन्ही वेळा सकाळी पुन्हा मोकळी दिसली. पातं शिवणाच्या बाईंच्या खणात असतं म्हणतात.

तर मायबापहो, एखाद्या वळणावर समोरच्याची पावलं कानी आली आणि तुम्ही आपसूक बाजूला झालात, तर त्या बाईंना क्षणभर आठवा. नाव शोधत बसू नका. तेवढं एक करा.