आधी रिकामी, मग माणसांसह

तिने नखाने खरवडलं आणि नारिंगी रंगाचा ओलसर पापुद्रा बोटाला चिकटून आला. रंग कालचाच होता. संकटात जीव वाचवणारी बोट ज्या दोन हुकांवर जहाजाच्या कडेला टांगलेली असते, त्यांतला हा मागचा हुक. तो पक्का बसला की त्याच्या अंगावरच्या दोन पांढऱ्या रेघा एकमेकींना मिळतात. नाही मिळाल्या, तर वजन आल्यावर हुक कधीही उघडू शकतो आणि बोट माणसांसकट खाली जाते. इथे हुक असा झकास रंगवला होता की दोन्ही रेघा रंगाखाली गडप झाल्या होत्या.

तपासणी आली की जहाजावर रंगाचे डबे उघडतात, यात नवीन काही नव्हतं. सर्वेयर म्हणून जहाजं तपासून सर्टिफिकेटं देण्यात तिची हयात गेली होती. रंगवलेली कुलपं तिने पाहिली होती, एकदा तर रंगवलेला झाडूही. तेव्हा हसून सोडून दिलं होतं. आज हसू येईना.

खिशातला स्क्रूड्रायव्हर काढून तिने आणखी खरवडलं. खालची रेघ सापडली, वरची सापडेना. तिथलं लोखंड नुसतंच चकचकीत होतं. गंज घासता घासता कुणीतरी रेघही घासून टाकली होती.

"हुक नीट लागलाय की नाही, हे तुम्हाला कळतं कसं?" तिने विचारलं.

"सर्व्हिसिंग झालंय, मॅडम," शेजारी उभा असलेला मेट म्हणाला. "सर्टिफिकेट आहे."

हा मेट, कॅप्टनच्या हाताखालचा अधिकारी, तिचा सख्खा दीर होता. घरात त्याला सगळे धाकटा म्हणत. ती लग्न होऊन आली तेव्हा तो शाळेत होता आणि त्याचं गणित तिनेच कसंबसं पैलतीराला लावलं होतं. आज चारचौघांत तो तिला मॅडम म्हणत होता, तीही त्याला अहोजाहो करत होती. ऑफिसात दुसरं कुणी मोकळं नव्हतं आणि नात्याबद्दल ती काही बोलली नव्हती. बोलायला हवं होतं, हे तिला जहाजाची शिडी चढतानाच कळून चुकलं होतं.

"सकाळी रिकामी सोडून दाखवली की तुम्हाला," कॅप्टन म्हणाला. गृहस्थ गोड बोलणारा होता, इतका गोड की ऐकणाऱ्याने सावध व्हावं. "लोण्यासारखी उतरली."

"उतरली. आधी रिकामी, मग माणसांसह. आता माणसं बसवा."

कॅप्टनने खलाशांकडे पाहिलं. लाइफ जॅकेटं घालून चौघं उभे होते, मघापर्यंत एकमेकांची टिंगल करत होते. आता कुणी हललं नाही. कुणी नाहीही म्हटलं नाही. एकाला जॅकेटचा बंद पुन्हा बांधावासा वाटला, दुसऱ्याला बुटात काहीतरी टोचू लागलं. उरलेले दोघं समुद्राकडे बघत राहिले. ही माणसं या बोटीखालून रोज ये-जा करत होती.

"सकाळपासून राबतायत बिचारे," कॅप्टन म्हणाला. "चहा घेऊन मग बघू. मेट, मॅडमना खाली घेऊन जा."

खालच्या अरुंद बोळात दोघंच उरल्यावर धाकटा थांबला.

"वहिनी, सही करून टाक."

"हुक बघितलास ना?"

"पुढच्या बंदरात बदलून देणारेत. कंपनीने कळवलंय."

"लेखी?"

त्याने बोळाच्या दोन्ही टोकांकडे नजर टाकली. मग आवाज खाली आणून म्हणाला, "दोन वर्षं घरात बसून होतो. भिंतींनासुद्धा माझा कंटाळा आला होता. आई रोज विचारायची, काही झालं का रे. आता कुठे झालंय. हा कॅप्टन एकदा बिनसला ना, की पुढे कुठेच उभं करत नाहीत."

"तू बसशील त्या बोटीत?"

"बसेन की."

उत्तर फार पटकन आलं.

"तू बसशीलच," ती म्हणाली. "तीच तर माझी पंचाईत आहे."

चहाची खोली बोळाच्या टोकाला होती. ती तिकडे न जाता परत वर चढली. धाकटा मुकाट्याने मागे आला. वर खलाशी जागचे हलले नव्हते. तिने त्यांच्यातल्या एकाचं जॅकेट मागून घेतलं आणि स्वतःच्या अंगात चढवलं.

"मॅडम, तुम्ही कशाला?" कॅप्टन म्हणाला.

"तुमचं सर्टिफिकेट खरं आहे ना? मग मला काय होणार आहे? ब्रेकवर कोण असतं?"

"मेट."

"मग सोडू देत त्यांना."

ती वाकून बोटीत शिरली. आत रंगाचा आणि तापलेल्या प्लॅस्टिकचा कोंदट वास होता. दोन्ही बाजूंच्या बाकांवरचे पट्टे अजून कारखान्यातल्या पिशव्यांतच होते. या बोटीत आजवर कुणीच बसलं नव्हतं. तिने एक पिशवी फाडली, पट्टा कमरेला आवळला आणि उघड्या दारातून बाहेर पाहिलं. खाली, चांगलं चार-पाच मजले खाली, जहाजाच्या कडेला काळं पाणी हलत होतं. समोर धाकटा ब्रेकच्या दांड्यापाशी उभा होता. दांडा उचलला की बोट उतरू लागणार होती.

मागे कुठेतरी लोखंड करकरलं. तिने बाक घट्ट धरला. आपण हे काय करून बसलो, असं तिला वाटून गेलं. तो दांडा उचलेल की नाही, हे तिला खरोखरच माहीत नव्हतं.

"सोड," कॅप्टन म्हणाला.

धाकट्याने दांड्याला हात घातला. त्याच्या हाताच्या शिरा वर आल्या. त्याने एकदा कॅप्टनकडे पाहिलं, एकदा हुकाकडे, आणि मग दारातून थेट तिच्याकडे.

"काय झालं? सोड म्हटलं ना."

"वहिनी," धाकटा म्हणाला, "उतर खाली."

कॅप्टनने आधी त्याच्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे, आणि त्याच्या चेहऱ्यावरचा गोडवा हळूहळू ओसरला. त्याने खिशातून फोन काढला.

धाकटा दारापाशी आला. त्याने हात पुढे केला. तो धरून ती डेकवर उतरली. खलाशी मान खाली घालून जॅकेटांचे बंद सोडत होते.

"हो, उद्याच निघतोय," कॅप्टन फोनवर सांगत होता. "दुसरा सर्वेयर बघा. आणि एक मेटही लागेल."

तिने अंगातलं जॅकेट काढून खलाशाला परत दिलं. धाकटा खिशातली केबिनची किल्ली काढत म्हणाला, "तू हो पुढे. आईला सांग, रात्री जेवायला मी घरीच आहे."