डुलकीची पाठ

जिना संपला तशा बाई थांबल्या, कठड्याला धरून दम खाल्ला आणि मग वर्गात शिरल्या. गुडघ्यांनी केव्हाच संप पुकारला होता. शेवटच्या बाकावर मुख्याध्यापिका येऊन बसल्या होत्या. एके काळी बाईंच्याच हाताखाली शिकलेली मुलगी. वरचा वर्ग बाईंना अजून झेपतो का, हे ती आज बघणार होती. झेपत नसेल तर उरलेली नोकरी खालच्या वर्गाकडून पाढे घोकून घेण्यात जाणार होती.

धडा काल्पनिक संख्यांचा होता. बाईंनी तो इतक्यांदा शिकवला होता की तोंड आपलं चालायचं आणि डोकं बाजूला बसून राहायचं. ज्या पोरांना आजवर ‘ऋण संख्येला वर्गमूळ नसतं’ असं दटावलं, त्यांनाच आता ‘असतं, बरं का’ म्हणायचं. पोरं संशयानं बघतात, आणि त्यात त्यांचं काय चुकतं?

म्हणून बाईंची एक जुनी खोड होती. वर्गात ज्याला सगळ्यात जास्त झोप आली असेल त्यालाच या धड्यासाठी उभं करायचं. खिडकीपाशी एक मुलगी पेंगत होती. तिला सगळे डुलकीच म्हणत. फळ्याकडे तोंड करून उभी राहिली की ती धन एक. ऋण एकनं गुणलं की पाठमोरी. मग दोनदा केली की माणूस पाठमोरा होतो, अशी हालचाल कोणती? डुलकीनं जांभई देत डावीकडे पाव वळण घेतलं, मग आणखी एक. ते पाव वळण म्हणजेच आय, इंग्रजी अक्षरातला, बाई म्हणाल्या, आणि आयचा वर्ग ऋण एक. वर्गाला जरा जाग आली.

मग बाईंनी उदाहरण घातलं: ऋण चारचं वर्गमूळ गुणिले ऋण नऊचं वर्गमूळ. डुलकीला पुन्हा सरळ उभं करून त्यांनी सांगितलं, की दोन्ही वर्गमुळांत एकेक आय आहे, तेव्हा दोनदा वळ. आणि स्वतः फळ्याकडे वळल्या. थकलेला हात सवयीनं सुटला. दोन्ही आकडे एकाच वर्गमुळाखाली गेले, ऋण गुणिले ऋण धन, छत्तीस, त्याचं वर्गमूळ सहा. पोरं माना खाली घालून उतरवून घेत होती. उत्तर सहा, बाईंनी जाहीर केलं.

फळा दिसत नव्हता तो एकट्या डुलकीला.

“धन सहा, बाई?”

“हो.”

“मग मी उलटी का उभी आहे?”

वर्ग हसला. बाईंनी फळ्याकडे पाहिलं आणि चूक त्यांच्या ध्यानात आली. आधी दोन आय आणि तीन आय करून घ्या, मगच गुणा, असं त्या दरवर्षी पोरांना बजावत आल्या होत्या. त्यांनी सहा पुसला, ऋण सहा लिहिला, डुलकी बरोबर आणि मी चूक असं सरळ सांगून टाकलं. शेवटच्या बाकाकडे बघायचा मात्र धीर झाला नाही. गेला वर्ग, त्यांनी मनाशी म्हटलं.

तास संपल्यावर मुख्याध्यापिका दाराशी घुटमळल्या. वर्ग काढून घ्यायचं जवळजवळ ठरवूनच आले होते, त्या म्हणाल्या. बाईंनी मान हलवली.

“पण मला चूक दिसलीच नाही, बाई. मीही सहाच लिहून घेतला.” त्या खाली बघत होत्या. “तुम्ही आम्हाला हा धडा शिकवलात तेव्हा नेमकी मी आजारी होते. पुढे नुसता पाठ केला.”

बाईंना हायसं वाटलं, पण त्याआधी आठवला तो जिना. उद्याही चढायचा, परवाही. त्यांनी हातावरचा खडू झटकला. अहो-जाहो करायचं राहूनच गेलं.

“मग उद्या परत ये,” त्या म्हणाल्या. “पहिल्या बाकावर बस. आणि झोप आली तर सांग, उभी करीन.”