दोन-चारच्या बांगड्या

शंतनूला फुलांचं वेड कधी लागलं, हे चारुताला काही केल्या कळेना. सोळा वर्षांच्या संसारात या माणसाने घरी एकदाच आपणहून फ्लॉवर आणला होता, तोही भाजीचा. आणि आता म्हणे, "कॅनबेराला ट्युलिप्स आलेत. शनिवारी डे ट्रिप मारू. आपण दोघंच."

"रविवारी जाऊ की. शनिवारी नीरजाचा डान्स क्लास असतो."

"शेजारची लीना नेईल तिला, मी विचारलंय. शनिवारच बरा."

हॉटेलात मेन्यू कार्ड बायकोकडे सरकवून "तूच सांग" म्हणणारा नवरा एखाद्या वाराला असा चिकटून बसला, की कुठेतरी पाणी मुरतंय असं समजावं. चारुताने तसंच समजलं. लेकीला विचारलं, तर चौदा वर्षांची नीरजा फोनमधून मान वर न काढता म्हणाली, "मम, चिल. इट्स जस्ट फ्लॉवर्स."

शनिवारी सकाळी साडेसहाला सिडनीतल्या केलीव्हिलहून निघाले. शंतनूने अंघोळ करून पांढरा झब्बा घातला होता. ट्युलिप्स बघायला झब्बा! आम्लेट नको म्हणाला, टोस्ट नको म्हणाला, नुसता चहा घेतला. चारुता जीन्समध्ये, गळ्यात एक स्कार्फ, आणि मनात पाल चुकचुकतेय.

मोटरवेला लागल्यावर गाडीच्या स्क्रीनवर फोन वाजला. 'मीनाक्षी कॅनबेरा' अशी अक्षरं उमटली. शंतनूने इतक्या चपळाईने फोन कट केला, की तेवढी चपळाई घरातल्या कामात दाखवली असती तर चारुताने त्याची आरती केली असती.

"कोण रे?"

"ओळखीची आहे. नंतर करतो."

चारुताच्या माहितीत मीनाक्षी नावाची एकही बाई नव्हती. ऑफिसात नाही, मित्रांत नाही, नात्यात नाही. ती खिडकीबाहेर बघत बसली आणि गेल्या महिन्यातले पुरावे गोळा करू लागली. फोन घेऊन बॅकयार्डात जाणं. तिने आत पाऊल टाकताच "बरं, ठेवतो" म्हणणं. तिला खरंच भीती वाटत होती. या देशात तिचं म्हणून एक घर होतं आणि त्या घरात हा एक माणूस होता. तोच सरकायला लागला तर उभं कुठे राहायचं?

गोलबर्नला गाडी थांबली. तिथल्या त्या अवाढव्य सिमेंटच्या मेंढ्याकडे न बघता शंतनू टॉयलेटला पळाला. बाहेर बोचरं वारं होतं. चारुताने जॅकेट काढायला डिकी उघडली, आणि एस्कीच्या, म्हणजे बर्फाच्या पेटीच्या, मागे दडवलेली कापडी पिशवी तिला दिसली.

आत घडी न मोडलेली मोरपिशी रेशमी साडी होती. खण होता, नारळ होता, हळदकुंकवाच्या पुड्या होत्या. आणि कागदात गुंडाळलेल्या डझनभर हिरव्या काचेच्या बांगड्या. कागदावर पेनने माप लिहिलं होतं, दोन-चार. चारुताच्या हाताला दोन-सहाच्याही साबण लावल्याशिवाय चढत नसत.

म्हणजे कुणीतरी बारीक मनगटाची.

परफ्यूम सापडलं असतं, तर तिने भांडून घर डोक्यावर घेतलं असतं. पण हे ओटीचं सामान होतं. ओटी चोरून ठेवलेल्या बाईची भरत नाहीत, घरच्या बाईची भरतात. नवरा नुसता भानगड करत नव्हता, दुसरा संसार मांडत होता, आणि ते दाखवायला तिला सोबत घेऊन चालला होता.

पार्किंगच्या कडेला जुने कपडे दान करायचा लोखंडी डबा होता. तिने पिशवी उचलली, डब्याचा फिरता कप्पा ओढला, पिशवी आत ठेवली आणि ढकलून दिली. तळाशी नारळ आपटला, पाठोपाठ काच फुटल्याचा बारीक आवाज आला. तो आवाज ऐकून तिला बरं वाटलं, अगदी मनापासून बरं वाटलं.

शंतनू आला. "बेकरीतला ॲपल पाय घेऊ का तुझ्यासाठी?"

"तुला नको?"

"मी तिकडेच जेवेन."

"जेव हो," ती म्हणाली.

लेक जॉर्जचं तळं डावीकडून गेलं, कॅनबेराची हद्द सांगणारी पाटी गेली. कॅनबेरात तळ्याकाठच्या बागेत ट्युलिप्सचे वाफेच्या वाफे फुलले होते. तळ्यात काळे हंस माना बुडवत होते, मधोमध कारंजं उडत होतं. हजार माणसं फोटो काढत होती. शंतनू घड्याळ बघत होता, आणि चारुता घड्याळ बघणाऱ्या शंतनूकडे.

बारा वाजता तो म्हणाला, "चारू, साडेबाराला एका घरी जायचंय. रागावू नकोस."

"मीनाक्षीच्या?"

त्याने दचकून पाहिलं. "हो. आधी सांगितलं असतं तर तू आली नसतीस."

"आता तर येणारच," चारुता म्हणाली. बोलायची दोन-चार वाक्यं तिने गाडीत मनातल्या मनात घोटून ठेवली.

गंगाहलिन या उपनगरातल्या एका टाउनहाउससमोर गाडी उभी राहिली. शंतनूने डिकी उघडली. एस्की हलवली, जॅकेट उचललं, खाली वाकून पाहिलं. मग सावकाश मान वर करून चारुताकडे बघितलं. ती हाताची घडी घालून उभी होती. तिच्या चेहऱ्यावर सगळं लिहिलेलं होतं आणि त्याने ते वाचलं.

तेवढ्यात दार उघडलं. वॉकरला धरून एक सत्तरी ओलांडलेली बाई उभी होती. कपाळ मोकळं, डोळ्यांवर जाड भिंगं.

"आलात का रे? ये गं चारुता. ओळखलंस का? तुझ्या लग्नात होते मी, ठाणेकरमावशी. लेकाने आणलंय आता कायमचं इथे."

ठाणेकरमावशी. सासूबाईंची शाळेपासूनची मैत्रीण. त्यांचं नाव मीनाक्षी असेल, हे चारुताच्या कधी डोक्यातच आलं नव्हतं.

"मावशी," शंतनू डिकी लावत म्हणाला, "पिशवी घरीच राहिली बघा. मीच विसरलो."

दिवसभर चारुता त्याचं खोटं पकडायला टपली होती. आता तो तिच्या डोळ्यांदेखत धडधडीत खोटं बोलला होता, आणि ते तिला वाचवायला. घोटलेली वाक्यं बाजूला ठेवून ती त्याच्यामागे आत गेली.

आत पुरणाचा वास दरवळत होता. भिंतीशी सासूबाईंचा, शोभाताईंचा फोटो, त्याला हार. समोर एकच पान मांडलं होतं, भोवती रांगोळी.

"आज अविधवा नवमी," मावशी म्हणाल्या. "नवऱ्याआधी गेलेल्या बाईची तिथी. शोभाची ही पहिलीच. सवाष्ण जेवायला घालायची, तिची ओटी भरायची. मी तर ठाणेकर गेल्यापासून सवाष्ण नाही. हे पान तुझं आहे."

चारुता उभीच राहिली. पाच वर्षांपूर्वी सासूबाई सिडनीला आल्या होत्या. नीरजाच्या वाढदिवसाला पाहुण्यांसमोर म्हणाल्या, "आमच्या सूनबाईंच्या पोळ्या फ्रीजरमध्ये पिकतात." सगळे हसले. त्या दिवाळीत त्यांनी दिलेली साडी चारुताने परत केली होती, "हा रंग म्हातारीचा, तुम्हीच नेसा," असं म्हणून. मग बोलणंच संपलं. यंदाच्या जूनमध्ये त्या कऱ्हाडला वारल्या, तेव्हा चारुता रजा नाही म्हणून गेली नाही, शंतनू एकटाच जाऊन आला. वर शंतनूला बजावलं होतं, त्यांच्या नावाचं मी काही घेणार नाही आणि काही खाणार नाही.

"शोभाने जायच्या आधी दुसरी साडी घेतली तुझ्यासाठी," मावशी सांगत होत्या. "मोरपिशी, शंतनूने तिकडून आणली ती. मला फोनवर म्हणाली, माझ्या हातून ती घेणार नाही, मीने, तू ओटी भर. बांगड्या पण तिनेच घेतल्या, दोन-चारच्या. मी म्हटलं, अगं, लग्नाला किती वर्षं झाली, हात तेवढाच राहील का? तर म्हणे, चुडा भरताना मी धरला होता तिचा हात, मला तेवढाच आठवतो."

चारुताला तळाशी फुटलेल्या काचेचा आवाज पुन्हा ऐकू आला. बारीक मनगटाच्या ज्या बाईला ती सकाळपासून शिव्या घालत होती, ती बाई ती स्वतःच होती, सोळा वर्षांपूर्वीची.

"मावशी, पिशवी घरी नाही राहिली," ती म्हणाली. "मी फेकली. गोलबर्नला. मला वाटलं... मला वाटलं, दुसऱ्या कुणासाठी आहे."

मावशींनी भिंगांआडून एकदा शंतनूकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे. मग वॉकर ढकलत आत गेल्या आणि ओंजळभर तांदूळ आणि एक नारळ घेऊन आल्या.

"पदर नाही तर तो स्कार्फ पसर."

तिने पसरला. तांदूळ पडले, नारळ पडला. तिला रडू आवरेना.

"आता बस पानावर. सवाष्ण उपाशी उठली तर शोभाला पोचायचं नाही."

चारुता बसली. शंतनू तुपाची वाटी घेऊन आला, खाली वाकला आणि तिच्या पोळीवर तूप वाढलं.

"शंतनू, जाताना आपण तिथे थांबू या," ती हळूच म्हणाली. "हात घालून बघते."

"त्या डब्यात टाकलेलं परत काढता येत नाही, चारू," तो म्हणाला. त्याने तिच्याकडे पाहिलं नाही. भात आणायला तो आत गेला.